आधी बादली मोजा

दिवाळीच्या आधीचे दोन-तीन आठवडे आमच्या धंद्यात सर्वांत धावपळीचे. अभ्यंगस्नानाला कडकडीत पाणी हवं असतं, पाहुणे यायचे असतात आणि वर्षभर कुरकुरत चाललेला गिझर नेमका तेव्हाच बंद पडतो. पुण्यात गिझर, सोलर आणि नळजोडणीची कामं मी तरुणपणापासून करत आलो आहे. कोथरूडमधले दोन खोल्यांचे फ्लॅट, वाघोलीच्या टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या, पाचगणीकडची वसतिगृहं, मुळशीच्या वाटेवरचे बंगले, अशी सगळ्या तऱ्हेची घरं या कामानं दाखवली. गिझर बदलायचा ठरला की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: कुठल्या कंपनीचा घेऊ आणि किती स्टारचा घेऊ? मी आधी माझे प्रश्न विचारतो. घरात आंघोळी किती? बादलीनं की शॉवरनं? लागोपाठ होतात की दिवसभर विखुरलेल्या? आणि गिझर टांगायचा ती भिंत नळापासून किती लांब आहे?

हे विचारण्याला कारण आहे. विजेच्या गिझरची कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिनं घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पाण्यातच उतरते. स्वस्त गिझर असो वा महाग, एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला दोघांना सारखीच वीज लागते. वीज वाया जाते ती तीन ठिकाणी: तापलेलं पाणी टाकीत वाट बघत थांबतं तिथे, टाकीपासून नळापर्यंतच्या नळीत, आणि गरजेपेक्षा जास्त पाणी तापवलं जातं तिथे. यातल्या फक्त पहिल्या गळतीचा संबंध प्रामुख्यानं यंत्राशी आहे. उरलेल्या दोन्हींचा संबंध घराशी आणि घरातल्या माणसांच्या सवयींशी आहे. म्हणून यंत्राच्या आधी घर बघावं लागतं.

आकडेमोड शाळेतली आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. पुण्यात थंडीत नळाचं पाणी २२ अंशांच्या आसपास धरा, आंघोळीचं पाणी ४० अंशांचं. म्हणजे पाणी १८ अंशांनी तापवायचं. २० लिटरच्या बादलीला लागल्या ३६० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटापेक्षा थोडी कमीच वीज. चार माणसांच्या चार बादल्यांना पावणेदोन युनिटही लागत नाहीत. महिन्याला ५० युनिटं. बादलीनं आंघोळ करणाऱ्या चौकोनी कुटुंबाचा गरम पाण्याचा सगळा खर्च एवढाच आहे. कोणाचा यापेक्षा फार जास्त येत असेल, तर तो कुठे जातो ते शोधायचं.

सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात मी असाच शोध घेतला होता. त्या काकू बिल हातात घेऊनच दारात उभ्या होत्या. "दादा, २५ लिटरचा आहे, फाइव्ह स्टार आहे, दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत. तरी एवढं बिल कसं?" गिझर ठणठणीत होता. थर्मोस्टॅट वेळेवर तुटत होता, टाकी कुठे गळत नव्हती. मी बाथरूममधली बादली शॉवरखाली ठेवली आणि मोबाइलवर वेळ लावली. २० लिटरची बादली दोन मिनिटांत काठोकाठ भरली. म्हणजे मिनिटाला १० लिटर. मग काकूंना विचारलं, मुलं शॉवरखाली किती वेळ असतात? "सात-आठ मिनिटं तरी. कॉलेजची घाई नसेल तर जास्तच." सात मिनिटांचा हिशेब तिथेच कागदावर मांडला. ७० लिटर पाणी, दीड युनिट वीज. दोन मुलांची मिळून तीन युनिटं. काका-काकूंच्या दोन बादल्या मिळून एक युनिटसुद्धा होत नव्हतं.

काकूंना गिझर बदलायचा होता. मी शॉवरचं तोंड बदललं. मिनिटाला सहा लिटर पाणी सोडणारा, पण धार अंगाला नीट लागेल असा शॉवर बसवला. मुलांची आंघोळ तेवढाच वेळ चालू राहिली, पाणी ७० लिटरवरून ४२ वर आलं आणि वीजही त्याच प्रमाणात उतरली. वीज वाचवणारं सगळ्यात स्वस्त उपकरण म्हणजे कमी पाणी सोडणारा शॉवर, हे मी तेव्हापासून प्रत्येक घरी सांगतो. गिझर घ्यायचा तो त्यानंतर. कारण शॉवर बदलला की गिझरचं मापही बरेचदा लहान होतं.

मापाचंही असंच गणित आहे. १५ लिटरच्या टाकीतलं पाणी ६० अंशांवर गेलं आणि त्यात २२ अंशांचं विसण घातलं, तर ४० अंशांचं सुमारे ३१ लिटर पाणी मिळतं. दीड बादली. २५ लिटरच्या टाकीतून सुमारे ५२ लिटर. टाकीत खालून थंड पाणी शिरतं आणि थोडं मिसळतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहून काहीसं कमी धरावं. दोन किलोवॅटच्या कॉइलला १५ लिटर तापवायला २० मिनिटं लागतात, २५ लिटरला अर्ध्या तासाच्या जरा वर. बादलीवाल्या तीन-चार माणसांना १५ लिटरचा गिझर पुरतो. एकाची आंघोळ होईपर्यंत दुसऱ्याचं पाणी तापायला लागलेलं असतं. दुकानदार 'मोठाच घ्या, पाहुण्यांना बरा' म्हणतो, पण वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी उरलेले दिवस २५ लिटर तापवत बसण्यात अर्थ नाही.

आता स्टारबद्दल. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखाली बीईई, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, २००२ मध्ये सुरू झाला आणि स्टारची पट्टी २००६ पासून उपकरणांवर दिसायला लागली. फ्रिजवरचे स्टार पाहायची सवय लागलेले लोक गिझरचे स्टारही तशाच नजरेनं पाहतात. साठवणीच्या गिझरवरचे स्टार मात्र एकच गोष्ट सांगतात: टाकीतलं पाणी तापवून ठेवलं आणि कोणी नळ उघडलाच नाही, तर चोवीस तासांत टाकीच्या अंगातून किती उष्णता बाहेर जाते. टाकीभोवतीचा पफचा थर जितका जाड आणि सलग, तितकी ही गळती कमी आणि तितके स्टार जास्त. चांगल्या टाकीचीही गळती दिवसाला अर्ध्या युनिटाच्या मागेपुढे असते.

म्हणजे स्टार कोणाला उपयोगी? ज्यांचा गिझर बराच वेळ चालू राहतो त्यांना. मोठं कुटुंब, सकाळी पाचपासून दहापर्यंत चालणाऱ्या आंघोळी, घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस, दवाखाना, वसतिगृह. अशा ठिकाणी मी फाइव्ह स्टारचाच आग्रह धरतो आणि त्याचे जास्तीचे पैसे भरून निघतात. पण नवरा-बायको दोघंच असतील, २० मिनिटं गिझर लावून लागोपाठ आंघोळी उरकून बटण बंद करत असतील, तर टाकीला गळायला वेळच मिळत नाही. त्यांनी थ्री स्टारचा घेतला तरी बिलात म्हणावा असा फरक पडणार नाही. उरलेले पैसे टाकीच्या आतल्या अस्तरावर आणि चांगल्या कॉइलवर घालावेत. पट्टीवर ती कुठल्या काळासाठी आहे हेही छापलेलं असतं, ते वाचावं. स्टारचे निकष मधूनमधून कडक केले जातात, त्यामुळे दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच स्टार आजच्या निकषात कमीही भरू शकतात.

'गिझर दिवसभर चालू ठेवलेला परवडतो, कारण पुन्हा थंड पाणी तापवायला जास्त वीज लागते,' हा समज मला इतक्या घरांत भेटला की त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. तो खरा नाही. पाणी निवताना जेवढी उष्णता गेली तेवढीच ते पुन्हा तापवताना लागते आणि पाणी जितकं जास्त गरम, तितकी उष्णता लवकर जाते. बंद करून निवू दिलेली टाकी चालू ठेवलेल्या टाकीपेक्षा कमीच गमावते. आंघोळ झाली की बटण बंद, हाच नियम. बटण विसरणारं घर असेल तर टायमर लावून द्यावा. आणि थर्मोस्टॅट ७५ वर ठेवून त्यात भरमसाट विसण घालण्यापेक्षा तो ६० च्या आसपास ठेवावा. टाकी गळते कमी, कॉइलवर क्षार धरतात कमी आणि लहान मूल भाजण्याची भीतीही कमी. त्याहून फार खाली मात्र नेऊ नये, कारण कोमट साठवलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

इन्स्टंट गिझरमध्ये साठवण जवळजवळ नसतेच, त्यामुळे टाकीची गळती नाही. पण तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला दोन लिटर पाणी फार तर २१ अंशांनी तापवतो. बादली भरायला १० मिनिटं. भरभरून शॉवर घ्यायचा असेल तर तो पुरा पडत नाही. तीन किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, चार चौरस मिलिमीटरची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. जुन्या वाड्यांतून, चाळींतून आणि ऐंशीच्या दशकातल्या इमारतींमधून मी वितळलेले सॉकेट काढले आहेत, काळी पडलेली वायर ओढली आहे. ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी नसेल तर मी आधी तो बसवतो, गिझर नंतर. ओल्या अंगानं आपण ज्या यंत्राजवळ उभे राहतो, तिथे काटकसर करायची नाही. बादलीत सोडायचा रॉडही वीज वाया घालवत नाही, पण चालू रॉड असताना पाण्यात बोट घालून बघणारी माणसं प्रत्येक चाळीत असतात. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे रॉड ठेवूच नये, असं मी परखडपणे सांगतो.

इन्स्टंटची खरी जागा स्वयंपाकघरात आहे. बाथरूममधल्या गिझरची लाइन स्वयंपाकघरापर्यंत ओढलेली असते. अर्ध्या इंची नळी १० मीटर लांब असेल तर तिच्यात पावणेदोन लिटर पाणी मावतं. तेलकट भांड्यासाठी दोन तांबे गरम पाणी हवं असलं, तरी आधी नळीतलं थंड पाणी सोडून द्यावं लागतं आणि भांडं धुऊन झाल्यावर तेवढंच गरम पाणी नळीत अडकून निवतं. गरम पाणी वापरलं तेवढंच वाया गेलं. ओट्याखाली एक छोटा इन्स्टंट लावला की हे थांबतं.

गॅस गिझरची तुलना पैशांत करायची असेल तर एक सोपी रीत आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता आणि चांगल्या गॅस गिझरची सुमारे ८० टक्के कार्यक्षमता धरली, तर एक सिलिंडर साधारण १४० युनिट विजेइतकं पाणी तापवतो. सिलिंडरच्या किमतीला १४० नं भागा आणि येणारा आकडा तुमच्या वीजबिलातल्या शेवटच्या टप्प्याच्या दराशी ताडून बघा. सरासरी दराशी नाही, शेवटच्या टप्प्याच्या. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दर चढतो. दिवे, पंखे, फ्रिज तर चालायचेच, त्यामुळे गिझरची युनिटं बिलात सगळ्यात वर बसतात आणि सगळ्यात महाग पडतात. २८० वर थांबणारं बिल गिझरमुळे ३०० च्या पलीकडे जात असेल, तर ती वरची युनिटं बघूनच पर्याय निवडायचा.

पण पैशांच्या आधी जीव. बंद बाथरूमच्या आत गॅस गिझर बसवायला मी नकार देतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ज्योत जळायला हवा लागते. कोंदट, दार लावलेल्या बाथरूममध्ये हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळ करणाऱ्याला गरगरायला लागतं आणि कडी काढायचं बळ येईपर्यंत तो खाली पडलेला असतो. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि त्यांत बहुतेक तरुण मुलं, नवी जोडपी, परगावाहून आलेली माणसं असतात. एक झरोका आहे, पंखा लावू, असं लोक म्हणतात. पंखा बंद राहायला एक सकाळ पुरते. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, वारा खेळता असलेल्या गॅलरीत किंवा डक्टमध्ये बसवायचा आणि तिथून फक्त पाण्याची नळी आत न्यायची. तशी जागा नसेल तर त्या घरासाठी गॅस हा पर्याय नाही.

पाणी कुठून येतं हेही यंत्र ठरवतं. खडकवासल्याचं पाणी मऊ, त्यामुळे शहराच्या जुन्या भागातले गिझर पंधरा-पंधरा वर्षं चाललेले मी पाहिले आहेत. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावरच्या घरात चित्र वेगळं असतं. वाघोलीतल्या एका फ्लॅटमधला गिझर मी उतरवून गच्चीवर नेला, खालच्या झाकणाचे बोल्ट सोडले आणि कॉइल बाहेर ओढली. ती दिसतच नव्हती. तिच्यावर राखाडी-पांढऱ्या क्षाराचं बोटभर जाड कवच चढलं होतं. टाकी तिरपी केली तशी तळातून खवल्यांचा खच घमेल्यात पडला, चुनखडी फोडल्यासारखा. मॅग्नेशियमचा रॉड, जो टाकीचा पत्रा वाचवण्यासाठी स्वतः झिजतो, त्याची आतली तारच तेवढी उरली होती. रॉड संपला की पाणी टाकी खायला लागतं. हा रॉड वेळेवर बदलला असता तर टाकी आणखी कित्येक वर्षं टिकली असती. रॉडची किंमत टाकीच्या किमतीपुढे काहीच नाही.

क्षार धरले की वीज जास्त जाते, असं सगळे सांगतात. विजेच्या गिझरबाबत ते फारसं खरं नाही. कॉइलची उष्णता जाणार कुठे? उशिरानं का होईना, पाण्यातच. होतं ते असं की कवचाखाली कॉइल स्वतः भयंकर तापते आणि जळते, थर्मोस्टॅटला खरं तापमान कळत नाही आणि टाकी अकाली निकामी होते. एक गिझर भंगारात टाकून दुसरा बनवण्यात किती पोलाद आणि किती वीज जाते, हेही 'वीज वाचवणारा' म्हणताना मोजलं पाहिजे. जड पाण्याच्या घरात आतून काचेचं अस्तर असलेली टाकी, इन्कोलॉयची कॉइल आणि दरवर्षी एकदा सफाई, ही माझी अट असते. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाब जास्त, तिथे आठ बार दाब सोसणारी टाकी आणि चालू स्थितीतला सेफ्टी व्हॉल्व्ह लागतोच.

सोलरबद्दल माझ्या मनात खास जिव्हाळा आहे. आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी, वरून थंड पाणी ओतायचं की नळातून ऊन पाणी यायचं. जाळ चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेला, त्यामुळे फार उष्णता फुकट जात नसे आणि लाकूड गोळा करायला कष्ट पडत, म्हणून गरजेपेक्षा जास्त पाणी कोणी तापवत नसे. सोलरमध्ये जळण फुकट आहे, पण शिस्त तीच लागते. १०० लिटरच्या सोलरला साधारण दोन चौरस मीटरचा पत्रा लागतो. ऊन लागलं की तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत वर चढतं, थंड पाणी खाली उतरतं. पंप नाही, मोटार नाही. मऊ पाणी असेल तर तांब्याच्या पत्र्याचा सोलर वर्षानुवर्षं चालतो. जड पाण्यात त्याच्या बारीक नळ्या चोंदतात, तिथे काचेच्या नळ्यांचा घ्यावा. या नळ्यांच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते. नळीच्या बंद टोकाशी चंदेरी झाक दिसते. ती पांढरी पडली की समजायचं, पोकळीत हवा शिरली आणि ती नळी आता नुसती काच उरली. गच्चीवर गेलं की प्रत्येकाला हे बघता येतं, त्यासाठी मला बोलवायची गरज नाही.

गच्ची मात्र डिसेंबरच्या हिशेबानं बघावी. पुण्यात मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, डिसेंबरच्या अखेरीला भरदुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर येतो. उन्हाळ्यात जिथे लख्ख ऊन असतं तिथे थंडीत पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली पसरलेली असते आणि गरम पाणी तर थंडीतच हवं असतं.

सोसायट्यांचं सोलर हा वेगळा विषय आहे. नव्या इमारतींत नियमानुसार सोलर बसतं, अनेक महापालिका मिळकतकरात सवलतही देतात, पुण्यातही ती आहे. तरीसुद्धा खालच्या मजल्यावरची माणसं म्हणतात, "आमच्याकडे सोलरचं पाणी येतच नाही." येतं, पण नळीत. गच्चीपासून पहिल्या मजल्यापर्यंत ३५ मीटर एक इंची नळी असेल तर तिच्यात १७ लिटर पाणी मावतं. पहाटे नळ उघडला की आधी जवळजवळ एक बादली थंड पाणी सोडावं लागतं. एका सोसायटीत आम्ही खाली पोहोचलेलं पाणी परत गच्चीवर नेणारी रिटर्न लाइन टाकली, लहानसा पंप टायमरवर सकाळचे दोन तास चालवला आणि सगळ्या नळीला फोमचं आवरण घातलं. सोलरमध्ये एका नळीचीही भर न घालता पाणी सगळ्या मजल्यांना पुरायला लागलं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा रोज बादलीभर पाणी मोरीत सोडायचे, ते त्यांनी बंद केलं. वीज वाचली आणि पाणीही.

पावसाळ्यात सोलरच्या टाकीतली कॉइल चालू करणं ही मोठी उधळपट्टी आहे. २०० लिटरची टाकी २० अंशांनी तापवायला साडेचार युनिटांहून जास्त वीज लागते आणि चार जणांच्या बादल्यांची गरज असते पावणेदोन युनिटांची. पावसाळ्यासाठी बाथरूममध्ये १० किंवा १५ लिटरचा साधा गिझर ठेवावा आणि गच्चीवरच्या कॉइलचं बटण बंदच ठेवावं.

हीट पंपबद्दल आता खूप विचारणा होते. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता मिळते. शॉवरवाल्या कुटुंबाचा रोजचा गरम पाण्याचा खर्च पाच युनिटं असेल, तर महिन्याला १०० युनिटं वाचतात. गच्चीवर ऊन नसलेला बंगला, लॉज, वसतिगृह, रुग्णालय यांच्यासाठी तो उत्तम. कोकणात पावसाळ्यात ऊन नसतं पण हवा उबदार आणि दमट असते. तिथे तो सोलरपेक्षा भरवशाचा. बादलीवाल्या चौघांच्या घरात मात्र तो दिवसाला जेमतेम एक युनिट वाचवेल. त्यांना मी तो घेऊ नका असंच सांगतो.

इतक्या घरांत हिंडल्यावर माझी खात्री झाली आहे की गरम पाण्याचं बिल बरंचसं घराच्या नकाशावरच ठरतं. दोन बाथरूम पाठीला पाठ लावून काढली तर एकच गिझर दोघांना पुरतो. तीच फ्लॅटच्या दोन टोकांना काढली तर नळी लांबते, नाहीतर गिझर दोन लागतात. वास्तुविशारदांनी आणि बिल्डरांनी गिझरची जागा, डक्टमधली मोकळी हवा, सोलरच्या नळीवरचं आवरण आणि रिटर्न लाइन ही कामं स्लॅब पडण्यापूर्वी ठरवावीत. नंतर आम्ही भिंती फोडून जे दुरुस्त करतो, ते कागदावर रेघ हलवून होण्यासारखं असतं. फ्लॅट घेणाऱ्यांनीही टाइल्स आणि खिडक्यांबरोबर एवढं विचारून घ्यावं: गरम पाण्याची नळी किती लांब आहे?

माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरांना मी टेस्टर आणि पान्याबरोबर पिशवीत थर्मामीटर आणि मीटरटेप ठेवायला लावतो. घरी गेल्यावर त्यांनी पाण्याचं तापमान घ्यायचं, शॉवरखाली बादली भरून बघायची, नळी मोजायची, वीजबिलाचा टप्पा बघायचा. मग त्या घराला पुरेल ते सगळ्यात लहान यंत्र सुचवायचं. मोठ्या यंत्रावर कमिशन मोठं मिळतं, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. पण त्या मोठ्या यंत्राचं बिल ते कुटुंब पुढची दहा-बारा वर्षं दर महिन्याला भरणार असतं, आणि तिथे त्याला सल्ला आपण दिलेला असतो.